सात मिनिटांचा थांबा

फोन आला तेव्हा मी पेरणीआधीच्या लसीकरणाची यादी करत होते. पहिल्या ओळीत ‘महादेवभाऊ – जीप, पहाटे पाच’ असं लिहून झालं होतं. त्यांच्या गावाहून, सिंदीहून, त्यांची सून बोलत होती. “ताई, मामाजी गेले. सकाळी चहा घेतला अन् खुर्चीवरच मान टाकली...” मी अंत्यविधीची वेळ विचारली, कोणाकोणाला कळवायचं ते कागदावर उतरवलं. फोन ठेवल्यावर पाहिलं, तर कळवायच्या माणसांत सवयीनं पहिलं नाव त्यांचंच लिहिलेलं होतं.

आमची संस्था वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत जनावरांना लाळ-खुरकतीची लस टोचते. फेऱ्या आखणं माझं काम, जीप चालवणं महादेवभाऊंचं. बारा वर्षं आम्ही हे केलं. लस बर्फाच्या पेटीत न्यावी लागते, आणि बर्फ विरला की लस फेकून द्यावी लागते. डॉक्टर मोटारसायकलनं पुढे जाऊन जनावरं बांधून घेत. मागून पेटी, मी आणि महादेवभाऊ.

दोन हजार सालानंतर कधीतरी एका हितचिंतकानं संस्थेला हातात मावणारं जीपीएस यंत्र दिलं. आजच्या फोनसारखं नव्हे. काळा-पांढरा पडदा, दोन पेन्सिल सेल, रस्त्यांचा नकाशा नाही. जागेची खूण नोंदवायची, तिला इंग्रजी सहा अक्षरांत नाव द्यायचं, आणि अशा खुणा क्रमानं ओवल्या की मार्ग तयार. म्हणजे यादीच की! मी मोठ्या उत्साहानं नकाशावरून आकडे वाचून सात गावांच्या सात खुणा भरल्या आणि यंत्र महादेवभाऊंसमोर ठेवलं. पडद्यावरचा बाण बघत ते निघाले, आणि अर्ध्या तासानं एका नाल्याच्या काठाशी जीप थांबली. पलीकडे गाव दिसत होतं. मध्ये पाणी.

“ताई, हा बाण त सरळ जा म्हणून राह्यला. पोहवू का जीप?”

त्यांनी जीप वळवली, लांबच्या रपट्यावरून, नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, नेली, आणि संध्याकाळी म्हणाले, “मले दोन दिवस घरी द्या हे.” वस्तू-नोंदवहीत सही घेऊनच मी यंत्र दिलं. माणूस आठवी शिकलेला, पन्नाशीला आलेला... मोडून आणतील, अशी भीती होती, हे कबूल करते. सोमवारी त्यांनी ते परत आणलं तेव्हा त्यात एक्केचाळीस खुणा होत्या. सायकलवरून हिंडून, प्रत्येक वळणावर उभं राहून त्यांनी त्या नोंदवल्या होत्या. RAPTA, NIMB, SHALA... एकेक अक्षर बटण दाबून शोधायचं म्हणजे किती वेळ जातो, ते मला ठाऊक होतं. यंत्राबरोबरचं जाड पुस्तक मी वाचलं होतं, पण वळणावर खूण केली तर बाण रस्त्यानं चालतो, हे शोधलं त्यांनी.

पुढे एका उन्हाळ्यात त्यांना ताप आला. फेरी पुढे ढकलता येत नव्हती. शेजारच्या गावात रोग लागला होता आणि पेरणी पंधरा दिवसांवर होती. बदली ड्रायव्हर घेतला. महादेवभाऊंचा मार्ग मी आदल्या दिवशी तपासला, तर त्यात सगळ्यात लांबचं गाव पहिलं आणि जवळची गावं मग! मी क्रम बदलला, अठरा किलोमीटर वाचवले, आणि स्वतःवर खूश झाले. लांबच्या गावी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. गुराखी कळप घेऊन केव्हाच रानात गेला होता. पेटीत बर्फाचं पाणी झालेलं. डॉक्टरांनी एक बाटली तळहातावर धरली आणि बाजूला ठेवली. एका बाईंनी तेवढी बैलजोडी लसीसाठी घरी बांधून ठेवली होती. त्यांनी विचारलं, “मंग आता मी काय करू?”

संध्याकाळी सिंदीला जाऊन मी महादेवभाऊंना सगळं सांगितलं. अंगावर पांघरूण घेऊन ते ऐकत होते. मग म्हणाले, “यादी बरोबरच होती तुमची. ढोरायले दाखवली नव्हती फक्त.” कोणत्या गावचा कळप किती वाजता निघतो, कुठला गुराखी म्हातारा असल्यानं उशिरा हाकतो, कुठली गुरं दुपारी पाण्यावर परत येतात, त्यावर त्यांनी खुणा ओवल्या होत्या. मी क्रमात फक्त अंतर वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ताप अंगात असताना ते जीप घेऊन दारात उभे राहिले. ताजी लस घेऊन, कळप निघायच्या आत आम्ही त्या गावी पोचलो. रोग त्या गावात शिरला नाही, आणि त्या बाईंची जोडी पेरणीला उभी राहिली. तेव्हापासून माझ्या यादीत एक रकाना वाढला, ‘ढोरं कधी निघतात’.

त्यांची एकच गोष्ट मला खटके. त्या उन्हाळ्यानंतर, अर्ध्या वाटेवर एका पानठेल्याशी ते न चुकता जीप उभी करत. “आलोच ताई,” म्हणून उतरत. तंबाखूचा खर्रा घ्यायला जातात, असं धरून मी यादीत डोकं घालून बसे; वेळापत्रकात नोंदच करून टाकली होती, ‘खर्रा – सात मिनिटं’. बोलूनही दाखवत असे. एकदा तंबाखूच्या दुष्परिणामांचं पत्रकच जीपमध्ये त्यांच्यासमोर चिकटवलं. “हो ताई, सोडतो,” एवढंच ते म्हणत. बर्फ मात्र त्यानंतर कधी विरला नाही. त्याचं श्रेय मी त्याच सुमारास घेतलेल्या नव्या पेटीला दिलं.

ते गेल्यावर लक्षात आलं, की सगळ्याच्या दोन-दोन प्रती ठेवणाऱ्या मी हा मार्ग कागदावर कधी उतरवलाच नव्हता. यंत्राचा पडदा फिका झालेला. दोन दिवस बसून खुणा लिहून काढल्या. त्या भरल्या बेचाळीस. जास्तीची एक वळणावरची नव्हती, गावाचीही नव्हती. नाव होतं BARAF.

मागच्या आठवड्यात त्यांच्याशिवायची पहिली फेरी झाली. त्या खुणेशी यंत्र वाजलं, आणि मी मान वर केली, तर समोर तोच पानठेला. नवीन ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. ठेलेवाले गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन धावत आले आणि मला पाहून थबकले.

“भाऊ नाई आले?”

मी सांगितलं. त्यांनी गोणपाट उलगडलं. त्यात बर्फ होता. ठेल्यामागे त्यांचं घर, घरात फ्रीज. “दर फेरीले ठेवतो ना मी. भाऊ जीपच्या मांगून पेटी खोलत, पाणी काढत, हा भरत.”

“आणि खर्रा?”

“भाऊ अन् खर्रा?” ते हसले, मग डोळे पुसले. “वासानंच चक्कर येत होती त्यायले. म्हनत, ताईले सांगू नको. त्या दिवशी बरफ विरला, ते ताईच्या मनाले लागून आहे.”

मी पेटी उघडली, पाणी काढलं, बर्फ भरला. घड्याळ पाहिलं. सात मिनिटं लागली... ते पत्रक अजून जीपमध्ये आहे; त्यांनी ते कधी काढलं नव्हतं. काढायला हात गेला होता, पण एक कोपरा सुटू लागला होता, तोच दाबून बसवला.