अंबूबाईंनी मागून घेतलेला कर

आज एकादशी. देवापुढं दिवा लावून वही उघडली.

अंबूबाई माझ्या शेजारीण, साठी उलटलेल्या. आमच्या विंझरला वरच्या अंगाला आनंदराव चित्रकार एकटे राहायचे. अकरा वर्षं अंबूबाईंनी त्यांना भाकरी-कालवण पोचवलं. पैसे घेतले नाहीत. अन्न काय विकायचं असतं? आनंदरावही रीतीचे. आलेलं भांडं रिकामं परत करायचे नाहीत. कधी मूठभर साखर, साखर नसली की स्वतः काढलेलं एखादं चित्र दुरडीत. अंबूबाई ते लुगड्याच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवत.

आनंदराव दोन वर्षांमागं गेले. पुण्याहून त्यांचा पुतण्या स्वरूप घर विकायला आला आणि पारावर चारचौघांत म्हणाला, "काकांची चित्रं कुठं गेली? घरात तर या बाईंचाच वावर होता." तेव्हापासून अंबूबाई आरतीला यायच्या बंद झाल्या.

गेल्या महिन्यात चित्रांचा एक व्यापारी आला. अंबूबाईंच्या ट्रंकेतल्या बारा चित्रांचे सहा लाख म्हणाला. वर म्हणतो कसा, "रोख घ्या, कागद कशाला?"

अंबूबाई म्हणाल्या, "कागदाबिगर चोरीचा माल जातो. मी कागद घेनार."

म्हणून मला घेऊन त्या नसरापूरला गाडी बदलून भोरला गेल्या, कराचं काम बघणाऱ्या साहेबांकडे. साहेबांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "मिळाली तेव्हा या चित्रांना फारसा भाव नव्हता, त्यामुळं भेटीवरचा कर नाही. पण विकताना लागणार."

"घरातल्या वस्तूलाही कर?" मी विचारलं.

"जुनी भांडी, कपडे विका, नाही लागत. चित्राला लागतो. आणि विकत घेतलेली नाहीत, म्हणजे जवळजवळ सगळा नफाच. वर्षाला चार लाखांना माफी. वरच्या दोन लाखांवर सव्वीस हजार."

"सव्वीस हजार?" मी ओरडलेच. साहेब लगेच म्हणाले, "घाबरू नका मावशी. सहा चित्रं आत्ता विका, उरलेली सहा एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या हिशोबात. कर शून्य."

मी मनात देवाला हात जोडले. अंबूबाईंनी विचारलं, "मंग कागदावर काय येनार?"

"शून्य."

"शून्याच्या कागदाला कोन इचारतं? समदी आत्ताच इकते. सव्वीस हजार भरा."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "मावशी, लोक माझ्याकडं कर वाचवायला येतात."

"त्यांचा वाचवा की. मला नाव वाचवायचंय."

"पण कर भरला म्हणून मालकी सिद्ध होत नाही हो."

"तुमच्या कोर्टात न्हाई व्हत. आमच्या पारावर व्हते."

मी बाहेर आल्यावर हात धरून म्हटलं, "अहो, सव्वीस हजारांत घरावर नवे पत्रे आले असते." त्या म्हणाल्या, "सुलक्षणा, पत्र्याखाली मान वर करून बसता आलं पायजे ना."

चित्रं गेली, चेक वटला, आज कर भरला. माझ्या जन्मात कुणी माफी सोडून कर भरलेला पाहिला नव्हता. पावतीवर अंबूबाईंचं पूर्ण नाव. मला तीनदा वाचायला लावलं. झेरॉक्स काढून एक पारावरच्या फळ्यावर लावायला सरपंचांकडं दिली, दुसरी घेऊन पोस्टात गेल्या आणि स्वरूपच्या नावानं रजिस्टर केली.

"कोण लागतात तुमचे?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"कोन न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "पर मिळाल्याची सही त्येंचीच पायजे."