पाणी इला

डॉक्टर प्रांजल धुरी माशांच्या वीर्यावर संशोधन करते. भांडुपच्या तिच्या चाळीत हे वाक्य कोणी उच्चारत नाही. मुलगी काय करते असं विचारलं की तिची आई शेवंती सांगते, "माशांच्या बाळंतपणाचं बघते." त्यामुळे प्रांजल रविवारी दूध आणायला निघाली तरी बायका पिशवी उघडून पुढे करतात. "डॉक्टर, बांगडे ताजे आहेत ना गं?" ती कल्ले उचलून बघते आणि सांगते. पीएचडीचा चाळीला झालेला एवढाच उपयोग.

मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलाने विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस?"

"नर रोहूचं वीर्य काढून गोठवते."

मुलाने पाय जवळ घेतले. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

"तुका खोटा बोलूक काय जाता?" शेवंती म्हणाली.

"अगं, ते खरंच भारी असतं, आई. नराच्या पोटात निपचित पडलेलं असतं. बाहेरचं पाणी लागलं की जागं होतं आणि मिनिटभर जीव खाऊन पळतं. तेवढ्यात अंडं गाठलं तर गाठलं, नाहीतर खेळ खलास."

शेवंतीने थोडा विचार केला. "म्हणजे आमची चाळ."

ते खरं होतं. पहाटे नळ खरखरला की शेवंतीच पहिली हाक देते, "पाणी इला!" आणि मेल्यासारखी झोपलेली माणसं बादल्या घेऊन धावत सुटतात. कशासाठी जगतो हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

अंधेरीच्या प्रयोगशाळेत प्रांजलची नोकरी कंत्राटी. गोठवलेलं वीर्य वितळल्यावर पुन्हा धावतं, हे तिला काम तपासायला येणाऱ्या समितीला पडद्यावर दाखवायचं होतं. धावलं तर मुदतवाढ, नाहीतर घरी. नायट्रोजनच्या डब्यात दोनच नळ्या उरल्या होत्या. ज्या रोहूच्या त्या होत्या, तो कधीच वारला होता.

समिती आली ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. प्रांजलने पहिली नळी वितळवली, कोरड्या बाटलीत ओतली, बाटली सूक्ष्मदर्शकाशेजारी बर्फात ठेवली आणि चहात अडकलेल्या समितीला आणायला गेली. सगळे येऊन बसले. तिने काचेवर थेंब ठेवला, त्यात पाणी सोडलं, पडद्याकडे पाहिलं.

काहीच हललं नाही.

"झोपलेत की गेलेत?" अध्यक्षांनी विचारलं.

तेव्हा तिला बाटलीला चिकटलेली झेंडूची पाकळी दिसली. सूक्ष्मदर्शकाच्या कपाळावर, म्हणजे जिथे कपाळ असतं तिथे, हळदकुंकू होतं. ती तिच्या सहकाऱ्याकडे वळली. "हर्षद, हे काय?"

"खंडेनवमी ना आज. हत्यारांची पूजा केली."

"पाणी शिंपडलंस?"

"फुलाने गं. थोडंसंच. बाटलीत पण दोन थेंब. म्हटलं, त्यांनाही आशीर्वाद."

"अरे, ते जागे झाले! आम्ही तिकडे बिस्किटं बुडवत होतो तेव्हा इकडे धावून धावून मेले!"

"वाट लागली," हर्षद पुटपुटला.

रिकाम्या खोलीत, हळदकुंकवाच्या साक्षीने, ते सगळे नसलेल्या अंड्याकडे धावले होते. कोणी पाहिलंही नव्हतं.

प्रांजलने दुसरी नळी काढली. हर्षदला दाराशी उभं केलं, हात मागे बांधायला लावून. नळी वितळली. काचेवर थेंब ठेवला. मग तिने पाणी सोडलं आणि तोंडातून आपोआप निघालं, मोठ्याने, आईच्याच सुरात:

"पाणी इला!"

पडदा उकळला. सगळे नाही, निम्मेच असतील. पण ढकलत, आदळत, दिशा चुकत ते धावत होते. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले.

हळूहळू पडद्यावर सगळं शांत झालं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "तुम्ही ती संज्ञा वापरलीत, ती कुठली?"

"भांडुपची, सर."

मुदतवाढीला समितीने तिथेच होकार दिला. हर्षदच्या मते हे पूजेचं फळ.

संध्याकाळी शेवंती बादल्या घासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "धावले?"

"धावले."

"किती येळ?"

"अर्धं मिनिट असेल."

"पुरे," शेवंती म्हणाली आणि बादली पालथी घातली. "आपल्याक तरी खंय जास्त मिळता?"