थोरल्या किती?

आमचा बास्केटबॉलचा संघ हरायचा. आता हरणं हा काही गुन्हा नाही, खेळ म्हटला की कुणीतरी हरणारच. पण ते कुणीतरी दर वेळी आम्हीच असायचो. सांगलीच्या मुली तर आमच्याशी मॅच असली की पोटभर नाश्ता करून यायच्या, कारण फारसं पळावं लागणार नाही याची त्यांना खात्री असायची. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी साताऱ्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि या संघाची कॅप्टन होते. का होते ते पुढं सांगते, पण खेळामुळं नव्हते एवढं आत्ताच सांगून टाकते.

आमचं कोर्ट म्हणजे कॉलेजमागचा सिमेंटचा एक तुकडा. भेगांतून गवत उगवलेलं, आणि एका अंगाला असा उतार की हातातून सुटलेला बॉल कुणाचीही वाट न बघता गटार गाठायचा. रिंगांना जाळ्या नव्हत्या. त्यामुळं बॉल आतून गेला की बाहेरून, यावर निम्मी प्रॅक्टिस भांडणात जायची. भांडणात मात्र आमचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

शिकवायला सुभेदार होते. पलटणीत बास्केटबॉल खेळलेले, पेन्शनीत आल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्या मानगुटीवर बसलेले. सकाळी सहाला कडक इस्त्रीची हाफपँट घालून हजर. माणूस मनानं चांगला होता. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढं तसं वाटणार नाही.

तर एकदा फार वाईट हरून आलो तेव्हा सुभेदारांनी विचार केला. त्यांनी विचार केला की आमची धडगत नसायची. त्यांचं म्हणणं असं की पोरी वाईट नाहीत. पण पाच जणींचं एकमेकींशी जमायला दोन वर्षं लागतात, आणि जमलं रे जमलं की त्यातल्या दोघींची लग्नं होतात. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा आता आजचा संघ बघायचा नाही, उद्याचा बघायचा. ज्या टिकतील त्याच घ्यायच्या.

टिकणार कोण, हे ओळखायची रीत त्यांनी शोधून काढली ती अशी: थोरल्या बहिणी मोजायच्या. थोरली उजवल्याशिवाय धाकटीला कुणी बोहल्यावर चढवत नाही, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत असतं. म्हणजे जिला बिनलग्नाची एक थोरली ती वर्षभर पक्की, जिला दोन ती दोन-तीन वर्षं. आणि जी स्वतःच घरातली थोरली, तिचा काही भरवसा नाही. ‘‘जिसका पोस्टिंग आया है, उसको मोर्चेपे नहीं रखते,’’ असं ते म्हणाले. त्यांनी एक वही केली. तिच्यात मुलीचं नाव, उंची, आणि तिसरा रकाना ‘थोरल्या’. नेम लागतो का, पास देता येतो का, याला रकाना नव्हता.

आता मी कॅप्टन का होते ते सांगते. माझ्या ताईला नवरा पुण्याचा पाहिजे होता, नोकरी बँकेतली पाहिजे होती आणि त्याला मिशी नको होती. सातारा जिल्ह्यात बिनमिशीचा मुलगा शोधायचा म्हणजे दोन-चार वर्षं कुठं गेली नाहीत. सुभेदारांनी आमच्या घरची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि शिट्टी माझ्या हातात दिली. ताईनं नाक मुरडलं म्हणून मी पुढारी झाले.

खरी खेळणारी वेगळीच होती. ती माण तालुक्यातली. वडील मुंबईला कामाला, आई गावाकडं शेरडं-मेंढरं बघत, आणि ही शिकायला म्हणून साताऱ्यात मामाकडं. आम्ही तिला ‘माणची’च म्हणायचो. आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलीपेक्षाही टीचभर उंच. दुष्काळी भागात हंडे वाहून पोर अशी वाढली, असं मास्तर लोक कौतुकानं सांगायचे. ती म्हणायची, माझी आई तर माझ्याहून उंच हाय, ती काय हांडं वाहून वाढली व्हय. बॉल तिच्या हातात गेला की आम्ही बाकीच्या चार जणी बघत उभ्या राहायचो, कारण पुढं आमचं काही काम नसायचं.

मला ते आवडायचं नाही. खोटं कशाला बोलू? शिट्टी माझ्याकडं आणि टाळ्या तिला. ती माझी जिवाभावाची मैत्रीण होती, माझ्या डब्यातलं खायची, तिच्या गावाकडची शेंगाचटणी मला आणायची, आणि तरीही तिनं बॉल टाकला की माझ्या पोटात जळायचं.

विभागीय सामन्यांची बारा जणींची यादी लागायची होती, त्याच आठवड्यातली गोष्ट. प्रॅक्टिस संपल्यावर आम्ही दोघी पायरीवर बुटांच्या नाड्या सोडत बसलो होतो. बूट कॉलेजचे, पांढरे कॅनव्हासचे. त्यातला सगळ्यात मोठा जोड तिचा. तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘आयतवारी मला बघाय येणार हाईत. सांगलीची मानसं. कुणाला सांगू नगंस.’’

मी विचारलं, मग? खूश आहेस का?

‘‘खूश कसली? बा म्हणलाय, यादीत नाव लागलं तर त्यास्नी सांगतो, पोरीचं खेळाचं हुंद्या, मग बघू. न्हाई लागलं तर मग कशाला थांबायचं, म्हणतोय. एकदा का सर्टिफिकेट हाती आलं की मी पोलिसात फॉर्म भरणार बघ.’’

पोलिसात जायचं तिच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. खेळाच्या सर्टिफिकेटवर भरतीत जागा मिळते, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. त्या एका कागदावर तिनं सगळा हिशेब बांधला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार वही घेऊन बसले होते. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं की कॅप्टन, कुणाच्या घरी काही हालचाल? हे ते नेहमीच विचारायचे, आणि मी नेहमीच सांगायचे. सगळ्यांच्या घरचं मला माहीत. कुणाच्या आत्यानं स्थळ आणलंय, कुणाची पत्रिका मागितलीय. त्या दिवशी मी म्हटलं की माणचीला रविवारी बघायला येणार आहेत.

एवढंच म्हटलं. तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एकच मी पोचवली. दुसरी माझ्या जिभेवर आली होती, आणि मी ती गिळली. कुणी मला अडवलं नव्हतं. सुभेदारांनी वहीवरून नजर काढून माझ्याकडं बघितलं, अजून काही आहे का म्हणून, आणि मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी तिच्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. पलटणीत राहिलेला माणूस, रेघ वाकडी जायची नाही.

तिच्या जागी फलटणची एक आली. ही तिसरी मुलगी, वरच्या दोघी बिनलग्नाच्या. बॉल अंगावर आला की ती डोळे मिटून घ्यायची. पण तिसऱ्या रकान्यात ‘दोन’ असा दणदणीत आकडा होता, आणि सुभेदार तिच्याकडं तीन वर्षांची गॅरंटी असलेल्या मिक्सरकडं बघावं तसं बघायचे.

यादी शुक्रवारी फळ्यावर लागली. माणची आली, वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सुभेदार तिला समजुतीच्या सुरात म्हणाले, बेटा, तुला आता बघायला येणार आहेत ना, मग काय, तुझं चांगलं होऊ दे. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. भांडली नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी पटाईत होते. तिनं पायरीवर बसून नाड्या सोडल्या, बूट एकमेकांत घालून खांबाशी ठेवले आणि अनवाणीच मामाच्या घरी गेली. फलटणच्या मुलीला ते बूट मोठे व्हायचे. तिनं पुढं पेपरचे बोळे घातले.

माणचीचं लग्न त्याच हंगामात, परीक्षेच्या आधी झालं. मला पत्रिका आली. मी गेले नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, आणि खरंच दुखलं.

विभागीयला आम्ही कशा हरलो ते सांगत नाही, लाज वाटते. सुभेदार मात्र गडबडले नाहीत. रोपटं लावलं की लगेच फळ मागायचं नसतं, म्हणाले. उद्याचा संघ आहे.

आणि मग उन्हाळ्यात एका सकाळी फलटणची मुलगी पेढ्यांचा पुडा आणि पत्रिका घेऊन प्रॅक्टिसला आली. सुभेदारांनी तिच्या थोरलीचं लग्न म्हणून पेढा तोंडात टाकला. पत्रिका उघडली, वाचली, आणि चावायचे थांबले. थोरलीचं होतंच. खाली मधलीचं होतं. आणि त्याच्याखाली, मुहूर्त तोच, मांडव तोच, धाकटीचंही. तिच्या वडिलांनी साधा विचार केला होता: आचारी एकच, मांडव एकच, पाव्हणे एकदाच गोळा होतात, मग तिन्ही उरकून टाकू.

हे आपल्या मुलखात काय नवीन आहे? मी स्वतः अशा चार लग्नांत पंगतीला बसलेली. सुभेदारही बसलेले. दोन बहिणी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या सगळ्यांनी बघितलेल्या. पण वही करताना एकाच्याही डोक्यात आलं नाही. थोरल्या एकामागून एक रांगेनं जाणार आणि आमची धाकटी तोवर बॉल खेळत बसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. अक्कल गहाण ठेवून गणित केलं की असं होतं. दिवाळीच्या आत आणखी एक ‘पक्की’ आपल्या बहिणीबरोबर एकाच मांडवात गेली. उद्याचा संघ उद्या यायच्या आत निकालात निघाला.

पुढल्या वर्षी सांगलीला एक खुली स्पर्धा होती. आम्ही सात जणी उरलो होतो, त्यातली एक तापानं फणफणलेली. सकाळच्या एस्टीनं कऱ्हाडवरून गेलो, दुपारी खेळलो, दुपारीच हरलो. सांगलीच्या मुली शेवटी शेवटी तर आम्हाला बॉल देऊन बघत होत्या, काय करतात म्हणून.

मी नळावर तोंड धुवत होते. मागून आवाज आला, ‘‘डाव्या अंगाला कुणी उभंच न्हाई तुमच्यात.’’

माणची. हिरवी साडी, डोक्यावरून पदर घेतलेला, तरीही त्या गर्दीत सगळ्यांत उंच. हातात कागदाचा मोठा पुडा. तीच बोलत राहिली. सासर बरं आहे, हळदीच्या व्यापारातलं घर आहे, नवरा स्वभावानं गरीब आहे, उंचीनं तिच्या खांद्याला लागतो, त्यामुळं फोटोत त्याला पाटावर उभा केला होता. हे सांगताना ती हसली, आणि मीही हसले, आणि मला वाटलं की चला, सुटलो. झालं ते चांगल्यासाठीच झालं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

मग तिनं पुडा माझ्या हातात दिला. भडंग होता, गाडीत सगळ्यांनी खायला. आणि अगदी साध्या आवाजात, दुकानाचा पत्ता सांगावा तसं म्हणाली, ‘‘लगीन ठरलं म्हणून मला काढलं, असं समदी म्हणत्यात. उलट हाय ते. काढलं म्हणून ठरलं. पाव्हणं बघून गेलं, आन बानं मामाला विचारलं, यादीत हाय का? मामा म्हणला, न्हाई.’’

मी पुड्याची सुतळी बघत राहिले.

‘‘मी तुला दोन गोष्टी सांगिटल्या हुत्या, गं.’’

बस, एवढंच. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, जपून जावा म्हणाली, आणि सासूबाई वाट बघत असतील म्हणून निघाली. मला तिला थांबवून माफी मागायची होती. मागितली नाही. हे इतक्या वर्षांनी लिहिताना अजून माझा मला राग येतो.

परतीच्या गाडीत सुभेदार माझ्या शेजारी बसले. चेहरा पार उतरलेला. इस्लामपूर मागं पडलं. मी पुडा सोडला, त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मूठभर घेतला, खाल्ला, जरा तरतरी आली, मग विचारलं की ती उंच मुलगी कोण होती, आपली माणची का? मी म्हटलं, हो. लग्न झालं वाटतं तिचं? मी म्हटलं, झालं.

सुभेदारांच्या तोंडावर त्या दिवसात पहिल्यांदा थोडं समाधान आलं. ते ताठ बसले.

‘‘बघ. फलटणच्या बाबतीत चुकलो, कबूल. पण हिचं बरोबर ओळखलं होतं की नाही आपण? ठेवली असती तर ऐन वेळेला गेली असती.’’

दमलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड होतं, दिवसभर हरलेला म्हातारा माणूस, एक गोष्ट तरी बरोबर निघावी म्हणून माझ्याकडं बघत होता. दुसरी गोष्ट सांगायची वेळ पुन्हा एकदा माझ्यापुढं आली होती. अजून वही त्यांच्याकडंच होती, अजून पोरी येणार होत्या.

मी म्हटलं, हो, बरोबर ओळखलं होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून तो भडंग कऱ्हाडपर्यंत संपवला.