लिओकादिओने डोंगरावर नेलेला पेला

एदुविहेस माणसांपेक्षा मधमाश्यांशीच जास्त बोलायची. स्पॅनिश शिपायांनी वस्ती पेटवली तेव्हा बाकीच्यांनी भांडीकुंडी उचलली. हिने मात्र मधमाश्यांचा पोकळ ओंडका पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेतला आणि बंडखोरांची डोंगरातली छावणी गाठली.

छावणीत औषध नव्हतं. कारखाने जळाल्यामुळे साखरही नव्हती. होती ती उसाची कडक दारू आणि रानातली लिंबं. एदुविहेस त्यात मध आणि गरम पाणी ढवळायची आणि तापाने फणफणलेल्यांना भोपळ्याच्या वाटीतून पाजायची. याला सगळे कांचांचारा म्हणत.

लिओकादिओ नावाच्या खेचरवाल्याचा जबडा गोळीने फोडला होता. त्याला ना चावता येई, ना बोलता. ती चमचा पुढे करी, तो तोंड फिरवी.

"गीळ रे बाबा! माझ्या माश्या काय उगाच राबल्या?"

त्याला हसू फुटलं, आणि कळ येऊन डोळ्यांत पाणी आलं.

"घ्या! शिपायांना जमलं नाही, आता मीच मारते तुला हसवून," म्हणत तिने झग्याच्या टोकाने त्याचे डोळे पुसले.

लढाई संपली. एदुविहेस डोंगरातच राहिली. लिओकादिओ खाली, दाइकिरी गावच्या लोखंडाच्या खाणीवर खेचरं हाकू लागला. जबडा वाकडाच जुळला होता. बोबडं बोलणं ऐकून लोक त्याला दारुडा समजत, म्हणून तो गप्पच राही.

एका दुपारी खाणीच्या साहेबांच्या स्वयंपाक्याने त्याच्या हातात पेला दिला. रम, लिंबू, साखर आणि बर्फ. एक घोट घेतला मात्र, त्याने पेल्यावर केळीचं पान बांधलं आणि खेचरावर बसून थेट डोंगर चढला.

"हे काय आणलंस?"

"आपलंच आहे. मधाऐवजी साखर घातलीय त्यांनी. बर्फ होता गं... वाटेत विरघळला."

एदुविहेसने घोट घेतला. "लिंबाला हात आखडलाय मेल्यांनी. पण गार आहे हं अजून!" पेल्याने गारठलेला तळवा तिने त्याच्या जबड्यावर ठेवला. "दुखतं का रे?"

"पावसाळी हवेत."

"मग खाली कशाला राहतोस? तिथे कोण शेकणार तुला?"

त्याने खेचर तिच्या पेरूला बांधलं, ते बांधलंच.

पुढे डोंगरावर येणारे खाणीवरचे लोक म्हणत, लग्नानंतर लिओकादिओचं बोलणं सुधारलं. सुधारलं कसलं! त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत एदुविहेस समोरच्याला जागचं हलू देत नसे, एवढंच.