पाहुण्यांसाठी हलवलेला हीट पंप

"मॅडम, तुमचं मशीन घेऊन जावा. पानी कोमट अन् ताटं तेलकट. गिऱ्हाईक नावं ठेवतंय."

फोन सारोळ्याच्या हॉटेलमालकाचा, नानांचा. मी भोरला राहते आणि हॉटेलांना हीट पंप बसवते.

फ्रिज आतली उष्णता काढून मागे बाहेर टाकतो. हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकतो. पाणी तापतं, हवा गार होते. वीज फक्त उष्णता वाहून नेण्याच्या हमालीला लागते, म्हणून गिझरपेक्षा बिल कमी. नानांचा पंप मी भटारखान्यात बसवला होता, कारण तिथे उष्णतेला तोटा नाही. गार हवेचं तोंड मुद्दाम शेवंतामावशींच्या चुलीकडे ठेवलं होतं. त्यांच्या भाकरीसाठी लोक हायवेवर गाडी थांबवतात. मागच्या उन्हाळ्यात चुलीपुढे त्यांना चक्कर आली होती. "औंदा गार हवा न्हाई आली तर मी घरीच बसनार बगा," असं त्यांनी नानांना बजावलं होतं.

मी पोचले, तर भटारखान्यात पंपच नाही. भिंतीला नुसती भोकं. मावशी घामाने निथळत भाकरी थापत होत्या.

"मावशी, मशीन कुठंय?"

"फ्यामिलीत. पावन्यांत बसलंय."

नानांनी मला काचेच्या दारातून फॅमिली सेक्शनमध्ये नेलं. समोर आमचा पंप. त्याला हार, अंगावर शाल, वर भिंतीवर पितळी पाटी: साहेबांच्या शुभहस्ते. शेजारच्या टेबलावर एक बाई मुलाला स्वेटर घालत होती.

"हे इथे कोणी आणलं?"

"आवो, मशीनच्या उद्घाटनाला आमदार सायेब आले व्हते. एवड्या मोठ्या मानसाला धुरात कसं न्यायचं? मग प्लंबर लावून मशीनच हिकडं आणलं. हितं हवा बी लई गार सुटली. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. एसी बंद केला."

आमच्याकडे बोअरवेललाही नारळाशिवाय पाणी लागत नाही, हे मी विसरले होते. बंद खोलीतली होती नव्हती ती उष्णता पंपाने ओढून घेतली होती. आतल्या नळ्यांवर बर्फ धरला होता. हवा आत जायची जाळी शालीने निम्मी झाकलेली. पाणी तापणार कशावर, पितळी पाटीवर? माझं डोकं मात्र इतकं तापलं होतं की त्यावर हॉटेलची सगळी ताटं धुऊन निघाली असती.

"नाना, पंप परत भटारखान्यात न्यायचा."

"पावन्यांची हवा काडून चुलीला द्यायची? लोक काय म्हनतील?"

तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत आत आल्या. पंपासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"हे काय, शेवंताबाई?"

"तुमीच म्हनला व्हता, मशीनची हवा मला. मशीन हितं, तर मी बी हितंच."

बाहेरून वेटर ओरडला, "पाच भाकरी!" मग, "नाना, भाकरी!" मावशींनी डोळे मिटून घेतले. शेवटी नाना स्वतःच चुलीपुढे बसले. थोड्या वेळाने लालबुंद होऊन परत आले. शर्ट अंगाला चिकटलेला, हाताला पीठ.

"मॅडम," ते म्हणाले, "प्लंबरला बोलवा."

संध्याकाळी पंप जागेवर आला. कढत पाण्याने ताटं लख्ख निघाली. मावशींच्या कपाळावरच्या बटा गार हवेने उडत होत्या. ते बघून मला खरंच बरं वाटलं.

पाटी मात्र नानांनी हलवू दिली नाही. साहेब पुन्हा आले तर? ती अजून फॅमिली सेक्शनच्या मोकळ्या भिंतीवर आहे, आणि तिच्याखाली बसणारे पाहुणे एसी लावा म्हणून ओरडतात.

तेव्हापासून हीट पंप बसवायच्या आधी मी मालकाला थोडा वेळ चुलीपुढे बसवते. मग जागेवरून वाद होत नाही.