डॉक्टरांनी खल लिहिला नव्हता

कंपाउंडरबाईंनी सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत सदतीस वर्षं काढली आणि त्या सदतीस वर्षांत एकाही रोग्याला मुकाट्याने गोळी दिली नाही. चिठ्ठी हातात आली की आधी प्रश्न. आणखी कोणती औषधं चालू आहेत? पोटात काही गेलंय का? लघवीला नीट होते का? रांग कुरकुरायची, डॉक्टर कपाळाला आठ्या घालायचे, बाई ढिम्म. औषध शरीराला काहीतरी करतं एवढं सगळ्यांना कळतं. पण शरीरसुद्धा औषधाला काहीतरी करतं, ते मुरवतं, मोडतं, बाहेर टाकतं, हे कुणी ध्यानातच घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका बड्या डॉक्टरांना त्यांनी भर खिडकीत सुनावलं होतं, "साहेब, हा डोस पंचविशीच्या पोराचा आहे. या बाबांची मूत्रपिंडं थकलीत. कालची गोळी अजून रक्तात फिरतेय, तिच्यावर आजची चढवू?" साहेब लालबुंद झाले, पण डोस निम्मा झाला.

अशी बाई वृद्धाश्रमात येऊन गप्प बसेल, असं ज्यांना वाटलं त्यांची कीवच करायला हवी.

त्यांच्या खोलीत पलीकडच्या पलंगावर गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. संध्याकाळी दोघींच्या गप्पांना नुसता ऊत यायचा. मास्तरीणबाई तीन आकडी गुणाकार तोंडी करायच्या आणि वर "पडताळून बघ" म्हणून कागद पुढे सरकवायच्या. पण गेल्या महिन्यात रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली तेव्हापासून सकाळची न्याहारी झाली की तासाभरात त्यांची मान कलंडायची. उठवलं तर भोवळ, बोलल्या तर एकाचं दुसरं. व्यवस्थापिकेने निकाल लावून टाकला: डोकं गेलं. सोमवारी त्यांना मागच्या इमारतीत हलवायचं ठरलं. तिथल्या दारांच्या कड्या बाहेरून लावत.

"मला वेड लागतंय का गं?" गुरुवारी संध्याकाळी मास्तरीणबाईंनी विचारलं. उभ्या जन्मात वर्गासमोर न हललेली ती बाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

कंपाउंडरबाईंना संताप आला. रोज सकाळी दहाला येतं आणि दुपारी उतरतं, हे कसलं वेड? वेड घड्याळ पाळत नाही. घड्याळ पाळतं ते औषध.

शुक्रवारी सकाळी त्या थेट स्वयंपाकघरात घुसल्या. आया ओट्यापाशी उभी होती. समोर ओळीने वाट्या, वाट्यांत कुस्करलेलं केळं, आणि हातात दगडी खल. तीन वर्षांपूर्वी एका आजोबांच्या घशात गोळी अडकली, जिवावर बेतलं, तेव्हापासून इथे कुणालाच अख्खी गोळी मिळत नसे. ज्याच्या त्याच्या गोळ्या कुटायच्या, केळ्यात कालवायच्या, चमच्याने भरवायच्या. आया हे सगळं अगदी जीव लावून करत होती.

कंपाउंडरबाईंनी मास्तरीणबाईंच्या वाटीशेजारचं पाकीट उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"ही पण कुटलीस?"

"रोजच कुटते की. छान पीठ करते, आजी."

"अगं बाई! ही गोळी पोटात दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून मुद्दाम तशी बनवलेली असते. तू कुटलीस की दिवसभराचं औषध एका दमात रक्तात. दाब धाडकन खाली येणार. मग माणूस कलंडेल नाही तर काय नाचेल?"

आयाच्या हातातला बत्ता तसाच राहिला. आवाज ऐकून व्यवस्थापिका आल्या.

"तीन वर्षं असंच देतोय आम्ही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे."

"गोळी लिहून दिलीय. खल नाही लिहिला. लावा त्यांना फोन."

"ते सोमवारी येतील तेव्हा बोला. आणि तुम्ही इथे रहिवासी आहात, आजी."

"आजी मी माझ्या नातवाची," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती वाटी उचलून मोरीत पालथी केली.

व्यवस्थापिका तोंडाला येईल ते बोलल्या. त्या तणतणत गेल्यावर आयाने एक अख्खी गोळी कंपाउंडरबाईंच्या तळहातावर ठेवली. बाईंनी मैत्रिणीला ताठ बसवलं, घोटभर पाणी, गोळी, पुन्हा पाणी. सहज गेली. मास्तरीणबाईंना गिळायला कधी त्रास नव्हताच. कुणी विचारलं नव्हतं एवढंच. दाब मोजायचं मशीन मागूनही मिळालं नाही, तेव्हा बाईंनी दर तासाला बोटांनी नाडी मोजली आणि वहीत लिहिली. शनिवारी-रविवारीही आयाने गोळी अख्खीच दिली. शनिवारी दहा वाजता मास्तरीणबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. रविवारी त्या भांडत होत्या.

सोमवारी सव्वादहाला डॉक्टर आणि व्यवस्थापिका मागच्या इमारतीत हलवण्याचा कागद घेऊन आले. मास्तरीणबाईंनी चष्मा चढवला, कागद ओढून घेतला आणि खणखणीत आवाजात वाचला, "रहिवाशास समज उरली नसल्याने सही व्यवस्थापिकेची." मग डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "समज नसलेल्या बाईने हे वाचून दाखवलं. आता बोला."

डॉक्टरांनी दाब मोजला, पाकीट पाहिलं, वही पाहिली. मग कागद घडी घालून खिशात टाकला आणि व्यवस्थापिकेला विचारलं, "या गोळ्या कुटत होता तुम्ही?"

व्यवस्थापिका हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. औषधाला परस्पर हात लावल्याबद्दल कंपाउंडरबाईंनी लेखी माफी मागावी, असा त्यांनी हट्ट धरला. बाईंनी लगेच कागद घेतला. तारीख, वेळ, गोळी अख्खी, नाडीचे आकडे, सगळं नीट लिहिलं. शेवटची ओळ अशी होती: माफी मागत नाही, पुन्हा कुटलीत तर पुन्हा ओतेन. तो कागद त्यांनी जेवणघराच्या भिंतीवर सगळ्यांना वाचता येईल असा चिकटवला.

मंगळवारी न्याहारीला एक बदली आया आली होती. तिने पहिल्याच आजोबांपुढे केळ्याचा चमचा धरला. वर्षभरात ज्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, त्या आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, चमचा हाताने बाजूला सारला आणि विचारलं, "आधी सांग, यात काय कुटलंयस?"

ती पुढच्या खुर्चीकडे वळली. तिथलंही तोंड मिटलेलं होतं.