खाली बसून बघणारा माणूस

एका बड्या मनोरंजन कंपनीच्या बागांसाठी मी भोसरीतल्या शेडमध्ये फायबरचे प्राणी करायचो. माल पास करायला कंपनीचा एकच माणूस यायचा. प्रत्येक प्राण्यासमोर तो उकिडवा बसायचा आणि लहान मुलाच्या उंचीवरून बघायचा. "भाऊ, हे अस्वल घाबरवतंय. हनुवटी खाली घ्या." मी भांडायचो, तो हसायचा, आणि शेवटी मी हनुवटी कापायचोच.

मग कंपनीत नवे साहेब आले. शेडमध्ये येऊन म्हणाले, "नवीन काही नको. जुन्या साच्यातलंच अस्वल सगळ्या बागांना द्या."

"साहेब, एकदा खाली बसून बघा," तो म्हणाला. "साचा झिजलाय. हे अस्वल पोरांकडं बघतच नाही."

साहेब उभेच राहिले. त्याने माल पास केल्याची सही केली नाही. माझं काम अडलं, म्हणून मी त्याला नाही नाही ते बोललो. पुढं त्याची बदली झाली, दुसऱ्याने सही केली, आणि ती आंधळी अस्वलं कंपनीने माझ्याच हातून करवून घेतली. तो राग अजून जात नाही.

त्याचे आभार मानायचे राहिले. आता गाडी भरण्याआधी मी उकिडवा बसतो. डोळे पटले नाहीत तर माल अडवतो, आणि माझीच माणसं माझ्यावर ओरडतात.